धसका बसल्यानंतर: मनाला सावकाश रस्त्यावर आणण्याची रीत

कराडच्या मंडईत भाजी घेत होते. मागे एक टेम्पो येऊन थांबला आणि ब्रेक-लायनर जळाल्याचा वास नाकात गेला. हातातली मेथीची जुडी कधी पडली ते कळलंच नाही. भानावर आले तेव्हा एका दुकानाच्या पायरीवर बसले होते, डावा खांदा उजव्या हाताने घट्ट धरून. तो खांदा बरा होऊन तीन महिने उलटले होते.

आमचा अपघात कुंभार्ली घाटात झाला. गौरीविसर्जन आटोपून मी आणि माझा भाऊ चिपळूणहून, म्हणजे माझ्या माहेरून, कराडला निघालो होतो. वरून उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले. भावाचा पाय मोडला, माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. दोघंही वाचलो. भाऊ पाय बरा झाल्यावर पुन्हा गाडी चालवू लागला. मी मात्र चौदा महिने माहेरी गेले नाही.

त्या काळात मी जे वाचलं, समुपदेशक ताईंकडून समजून घेतलं आणि स्वतः करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. अपघात, पूर, दरड, आग, हल्ला, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, अशा एखाद्या प्रसंगातून तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, तर यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी हे काय चाललंय ते समजून घ्या

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: धसका. 'पोरीने धसका घेतलाय' असं म्हणतात आणि पुढे दृष्ट काढतात, अंगारा लावतात. त्याने आधार वाटत असेल तर जरूर करावं. पण धसका शरीरात कसा बसतो हे कळलं की 'मला वेड लागतंय का' ही भीती तरी जाते. माझी सगळ्यात मोठी भीती तीच होती.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. हिप्पोकॅम्पस हा दुसरा भाग आठवणीला 'कधी, कुठे' याची चौकट देतो. जिवावर बेततं तेव्हा पहिला भाग जोरात चालतो आणि दुसऱ्याचं काम विस्कटतं. मग वास, आवाज, काचेचे तुकडे, पावसाचा उजेड हे सगळं सुटं सुटं साठतं, 'हे मागच्या वर्षीचं' असा शिक्का न बसता. पुढे कधी तसाच वास आला की शरीराला वाटतं, आत्ताच घडतंय. घटना संपल्याची बातमी शरीरापर्यंत पोचलेली नसते. पुढचे सगळे उपाय ही बातमी त्याला थोडी थोडी, पुन्हा पुन्हा सांगण्याचे आहेत.

त्रास साधारण चार तऱ्हांनी दिसतो. प्रसंग नको तेव्हा डोळ्यांपुढे येतो किंवा स्वप्नात येतो. त्याची आठवण करून देणारी माणसं, जागा, बोलणं आपण टाळू लागतो. मन बधिर होतं, कशात रस वाटत नाही, स्वतःला दोष दिला जातो. आणि शरीर सतत सावध राहतं: कुकरच्या शिट्टीला दचकणं, चिडचिड, तुटक झोप. पहिले काही आठवडे हे होणं स्वाभाविक आहे. महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागलं, तर डॉक्टर त्याचा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार, म्हणून विचार करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांवर आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, आणि त्यांतल्या ५.६ टक्के लोकांना पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक माणसं सावरतात. पण उरलेल्यांचं दुखणं खरं असतं, आणि ते वर्षानुवर्षं बिननावाचं राहू शकतं. माझ्या आजेसासूबाई पाटणच्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या घरात झोपलेल्या होत्या. त्यानंतर अखेरपर्यंत त्या दाराजवळच झोपल्या, उशाशी चपला आणि बॅटरी घेऊन. घरात सगळे म्हणायचे, आजींची सवय आहे. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलंच मुळी १९८० साली. आजींना कुणी कधी विचारलं नाही की झोप लागते का. आम्हीही नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं.

स्वतःहून सुरुवात करण्याआधी एक तपासणी

धोका खरंच संपला आहे का? घरात मारहाण चालूच असेल, त्रास देणारा माणूस रोज समोर येत असेल, तर श्वासाचे व्यायाम नंतर. आधी सुरक्षित जागा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, मधला बराच वेळ काही आठवतच नसेल, किंवा लहानपणी वर्षानुवर्षं झालेल्या अत्याचाराची जखम असेल, तर एकट्याने आठवणी उकरू नका. तिथे शिकलेला माणूस सोबत हवा. १४४१६ ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आत्ता जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात असेल तर लेख इथेच ठेवा, घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवा आणि फोन लावा.

पहिले काही आठवडे

अपघातानंतर भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, 'नक्की झालं कसं?' आणि आपण तीच कहाणी दिवसातून आठ वेळा सांगतो. बोलून मोकळं झालं की बरं वाटतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण घटना घडल्या घडल्या एकदाच बसवून सगळं तपशिलात वदवून घेतल्याने पीटीएसडी टळत नाही, असं अभ्यासात दिसलं आहे. काहींना त्याने त्रासच होतो. तेव्हा तुम्हाला बोलावंसं वाटलं तर ज्याच्याशी वाटेल त्याच्याशी, वाटेल तेवढं बोला. नको असेल तर 'आत्ता नको, नंतर सांगते' एवढं म्हणणं पुरे. आमच्याकडे माझ्या नणंदेने हे काम उचललं. ती दारातच लोकांना सांगायची, 'वहिनींना घाटाचं विचारू नका, चहा घ्या आणि दुसरं काही बोला.' तिचे उपकार मी विसरणार नाही.

या दिवसांत जेवणाच्या आणि उठण्याच्या वेळा धरून ठेवा, भूक नसली तरी. अपघाताचे फोटो आणि व्हिडिओ ग्रुपवर फिरत असतील तर ते काही दिवस बंद करा. झोप यावी म्हणून दारू घेऊ नका; तिने डोळा लागतो, पण पहाटेची झोप मोडते आणि आठवणी अधिक चिवट होतात. घरात कुणाची उरलेली झोपेची गोळी असते, तीही घेऊ नका. अशा बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि पीटीएसडीवर त्या उपाय म्हणून सुचवल्या जात नाहीत. औषध लागलंच तर ते मनोविकारतज्ज्ञाने द्यावं.

आत्ताच्या क्षणात परत येणं

आठवणीची लाट येते तेव्हा 'विचार करू नकोस' असं सांगून काही होत नाही. पाच ज्ञानेंद्रियं मात्र कामाला लावता येतात. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका, दोन वास ओळखा, एक चव घ्या. नावं मोठ्याने घ्या. मी पर्समध्ये लवंग ठेवायचे. जळक्या वासावर तिचा उपयोग व्हायचा, कारण घाटात लवंग नव्हती. तुमच्या प्रसंगात जे नव्हतं ते शोधा. मग स्वतःला तारीख आणि जागा सांगा: 'आज मंगळवार आहे. मी कराडात आहे. तो दिवस होऊन गेला.' ऐकायला बाळबोध वाटेल. करून पाहा.

श्वासाचं थोडक्यात सांगते. नाकाने चार आकडे घ्या, सावकाश सहा आकडे सोडा. घेण्यापेक्षा सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. डोळे मिटून जास्त घाबरायला होत असेल (मला व्हायचं) तर डोळे उघडे ठेवा आणि समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे पाहा.

हे दोन्ही प्रकार मन शांत असताना रोज करा. बहुतेक जण हे फक्त झटका आल्यावर आठवतात आणि मग म्हणतात, उपयोग झाला नाही. पोहायला कुणी पुरात शिकत नाही.

रात्र

झोपण्याची वेळ ठरलेली नसली तरी उठण्याची ठरवा. अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटं तळमळत राहिलात तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा. मी तांदूळ निवडायचे. झोप आली की परत जा.

तेच तेच वाईट स्वप्न पडत असेल तर एक पद्धत आहे, तिच्यावर अभ्यासही झाला आहे. दिवसाउजेडी ते स्वप्न चार ओळींत लिहा. मग त्यात तुम्हाला हवा तो बदल करा आणि नवी गोष्ट लिहून काढा. ती रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणा, जुनी नाही. माझ्या स्वप्नात ट्रक वळणावरून यायचा आणि माझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही. बदललेल्या स्वप्नात तो ट्रक वळणावर येता येता गौरीच्या मुखवट्यांनी भरलेली हातगाडी व्हायचा. काही आठवड्यांनी स्वप्न यायचं तेव्हा निदान जाग यायच्या आधी ते विस्कटायला लागलं. अगदी भीषण स्वप्न असेल तर सुरुवात त्याच्यापासून करू नका, एखादं कमी वाईट घ्या.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. दर वेळी त्रास झाला की चार गोष्टी टिपा: कुठे होते, कशाने सुरू झालं, भीती ० ते १०० मध्ये किती, किती वेळाने उतरली. दोन आठवड्यांत नकाशा दिसू लागतो. मला वाटायचं की मला 'सगळ्याचीच' भीती वाटते. वहीत पाहिलं तर पाच गोष्टी निघाल्या: ब्रेकचा वास, मोठ्या गाडीचा हॉर्न, धुकं, गाडीतली पुढची डावी सीट, आणि 'घाट' हा शब्द. सगळ्याच्या भीतीशी कसं लढायचं ते सुचत नाही, पाच गोष्टींबद्दल काहीतरी करता येतं.

पायऱ्या: टाळलेल्या गोष्टीकडे परत जाणं

सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गुणकारी भाग हाच आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

टाळल्याने लगेच सुटका वाटते. तीच सुटका मेंदूला शिकवते की 'टाळलं म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भीती मोठी होते आणि टाळण्याची हद्द वाढते. माझं आधी घाट टाळणं सुरू झालं, मग पाटणचा रस्ता, मग पुढची सीट, शेवटी गाडी. उलट दिशेने यायचं तर त्याच पायऱ्यांनी, खालून वर यावं लागतं.

टाळलेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा लिहा. फक्त प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्याच गोष्टी घ्या. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात घाटात जाणं हा उपचार नव्हे. माझी यादी अशी होती. दारात उभ्या बंद गाडीत पुढच्या सीटवर बसणं: ४०. इंजिन चालू करून बसणं: ५०. कॉलनीला फेरी: ५५. मल्हारपेठपर्यंत: ६०. पाटण: ६५. कोयनानगर: ७५. घाटमाथ्यावर थांबून खाली पाहणं: ८५. घाट उतरून चिपळूण: ९५. अपघाताच्या वळणावर उतरून उभं राहणं: १००.

पहिल्या दिवशी बंद गाडीत बसले. यजमान बाहेर पायरीवर, मला दिसतील असे. दार लावल्याबरोबर तळहातांना घाम. डॅशबोर्डवर धूळ होती, तिच्यात मी बोटाने वेळ लिहिली, ५:१०. भीती ७०, यादीत लिहिली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त. उतरावंसं वाटलं. समुपदेशक ताईंनी एकच सांगितलं होतं: भीती शिखरावर असताना उतरू नका, अर्ध्यावर आली की उतरा. मी सीटच्या कव्हरची शिवण बोटाने चाचपत बसले. ५:२५ ला ६०. समोरून पेपरवाला गेला, शेजारच्या काकूंनी वाळवण आत नेलं. ५:४० ला ३५. उतरले तेव्हा पाय लटपटत होते आणि मी हसत होते, का ते सांगता येणार नाही.

तीच पायरी दुसऱ्या दिवशी ५० ला सुरू झाली, पाचव्या दिवशी २० ला. एकच पायरी सलग काही दिवस करा. आकडा सुरुवातीलाच कमी येऊ लागला की पुढची घ्या. पहिल्यांदा सोबत असू द्या, मग सोबतीला मागच्या सीटवर बसवा, मग एकट्याने. गाडीत बसून मोबाइलमध्ये डोकं घालणं, डोळे मिटून नामजप करत रस्ता पार करणं, यानेही आपण तिथे पोचतो; पण शरीराने रस्ता पाहिलेलाच नसतो. नामस्मरण निघण्याआधी करा, रस्ता उघड्या डोळ्यांनी पाहा.

मी पाटणच्या पायरीवर सात आठवडे अडकले. एकदा मधूनच परत फिरले आणि दोन दिवस बोलले नाही. अशा वेळी मधली पायरी तयार करा. आम्ही पाटणच्या अलीकडच्या एका चहाच्या टपरीपर्यंत जाऊ लागलो. पायरी मोठी पडली होती, एवढंच.

शेवटची पायरी, त्या वळणावर उभं राहणं, मी केलेली नाही. गाडीतून ते वळण कितीदा पार केलं आहे. उतरून उभं राहण्याची मला गरज वाटली नाही आणि ताईंनीही आग्रह धरला नाही.

'माझ्यामुळे झालं'

निघताना आई म्हणाली होती, 'चहा ठेवलाय, घेऊन जा.' मी म्हटलं, नको, अंधार व्हायच्या आत घाट चढू. दहा मिनिटं थांबलो असतो तर तो ट्रक आम्हाला भेटलाच नसता. हे वाक्य मी महिनोन् महिने मनात घोळवलं, भावाच्या प्लास्टर घातलेल्या पायाकडे पाहत.

अपराधीपणा भीतीपेक्षा चिवट असतो, कारण तो समजूतदारपणाचं सोंग घेतो. त्याच्याशी कागदावर बोला. डाव्या बाजूला तो विचार जसाच्या तसा लिहा. उजव्या बाजूला या प्रश्नांची उत्तरं: तेव्हा मला नेमकं काय माहीत होतं? त्या माहितीवर माझा निर्णय कसा होता? हीच गोष्ट माझ्या बहिणीने सांगितली असती तर मी तिला काय म्हटलं असतं? त्या घटनेत आणखी कुणाकुणाचा आणि कशाचा वाटा होता? माझ्या उजव्या बाजूला आलं: अंधारात घाट नको हा विचार काळजीचा होता. ब्रेक ट्रकचे निकामी झाले. चहा घेऊन निघालो असतो तर दुसरा ट्रक भेटला नसता हे कुणी सांगावं? एकदा लिहून भागत नाही. मी ते पान तीसेक वेळा वाचलं असेल. आणि एके दिवशी धीर करून भावाला विचारलं. तो चकित होऊन म्हणाला, 'ताई, मला वाटायचं तू मला दोष देतेस. गाडी मी चालवत होतो.' आम्ही दोघं वर्षभर एकमेकांची नजर चुकवत होतो.

खरोखरच तुमची चूक झाली असेल, तर हे प्रश्न ती पुसणार नाहीत, पुसूही नयेत. पण तिचा खरा आकार दिसेल आणि भरपाईसाठी काय करता येईल ते सुचेल.

सलग लिहिण्याचाही काहींना उपयोग होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात हा प्रयोग केला: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, घटनेबद्दल मनातलं सगळं लिहायचं, शुद्धलेखनाची पर्वा न करता, कुणाला न दाखवता. नंतर कागद फाडला तरी चालतो. घटना अगदी ताजी असेल तर थांबा, आणि लिहून दिवसभर कोसळल्यासारखं होत असेल तर बंद करा.

घरच्यांनी

'झालं गेलं गंगेला मिळालं', 'देवाने वाचवलं ते बघ', 'इतरांचं किती वाईट झालं', ही वाक्यं प्रेमाने म्हटली जातात आणि ऐकणाऱ्याला गप्प करतात. 'आत्ता काय केलं तर बरं वाटेल?' असं विचारा. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, आधी हाक मारा. पायऱ्यांच्या सरावात ढकलू नका आणि त्यांच्या वतीने सगळं टाळूही नका. किराणा, बँक, शाळेची मीटिंग सगळं तुम्हीच करू लागलात तर त्यांचं घर दिवसेंदिवस लहान होत जातं.

मदत कधी आणि कुठे

महिना उलटूनही त्रास तसाच असेल, काम किंवा नाती बिघडत असतील, दारू वाढली असेल, किंवा वर लिहिलेलं सहा-आठ आठवडे मनापासून करूनही वहीतले आकडे हलत नसतील, तर जा. पीटीएसडीवर आघातकेंद्रित सीबीटी (त्या प्रसंगाशी जोडलेले विचार आणि वागणं बदलण्याची पद्धत) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करण्याची पद्धत) या उपचारपद्धतींना चांगला पुरावा आहे. पहिल्याच भेटीत सरळ विचारा: 'तुम्ही यातली कुठली पद्धत शिकला आहात? साधारण किती सत्रं लागतील?' या प्रश्नाचा राग येणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभागात जाऊन घरी परत येता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे, तेव्हा तुमच्या पॉलिसीचे कागद काढून वाचा.

वर्ष फिरून येतं तेव्हा

सगळं ठीक चाललेलं असतं आणि अचानक झोप उडते, चिडचिड होते. कॅलेंडर पाहिलं की कळतं. आपल्याकडे तर तारीख वेगळी येते आणि तिथी वेगळी, म्हणजे त्रास दोनदा. मला तेरड्याची फुलं बाजारात दिसू लागली की पोटात गोळा येतो. हे दिवस वहीत आधीच लिहून ठेवा, त्या आठवड्यात मोठी कामं घेऊ नका, आणि तो दिवस कुणासोबत, कुठे, कसा घालवायचा ते ठरवून ठेवा. आकडे थोडे चढतील. चढू द्या, सराव चालू ठेवा.

अपघाताला दोन वर्षं झाली तेव्हा, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मी चिपळूणलाच होते. निघायची वेळ झाली. आईने काही विचारलं नाही, गॅसवर आधण ठेवलं आणि आलं किसायला घेतलं. चहा पिऊन आम्ही निघालो. घाट चढताना अंधार पडला होता. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: पोफळीपाशी ६०, माथ्यावर ४५, कोयनानगरला २०.